पंचविसातले एकवीस

वैशाली, बुधवारी तुझ्या शोकसभेत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला वाटलं, मी चुकून भलत्याच बाईच्या सभेला येऊन बसलेय. तू म्हणे शांत होतीस. मृदू होतीस. कधी कुणाला वरच्या पट्टीत बोलली नाहीस. नाहूरच्या तुमच्या सोसायटीचा हॉल भरला होता, तुझा नवरा प्रशांत पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, आणि सेक्रेटरी सांगत होते, "वैशालीताईंच्या हातात जादू होती." मी रुमाल तोंडावर धरला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं मी रडतेय. मी चिडले होते गं. अकरा वर्षं जिने मला आळशी, खोटारडी आणि बिनडोक म्हणून तोंडावर ऐकवलं, ती बाई दहा-बारा दिवसांत या लोकांनी कुठे गायब केली?

मग भांडुपच्या बाजारात मासे विकणाऱ्या हिराबाई उठल्या. माईक त्यांनी घेतलाच नाही. "जादूबिदू काय नाय," त्या म्हणाल्या. "माझा खांदा धरला होता, टोपली उचलवत नव्हती. ह्या बाईनं मला तीन महिने रडवली. मी तिला शिव्या घातल्या, तिनं मला घातल्या. आता बघा." आणि त्यांनी उजवा हात कानाला लावून सरळ वर केला, आणि मागच्या रांगेला दिसेपर्यंत तसाच ठेवला. तुझ्याबद्दलचं तेवढंच एक खरं भाषण त्या दिवशी झालं.

सभा संपल्यावर आपले आयोजक सामंत माझ्याजवळ आले. मुलुंडच्या नाट्यगृहात माझा एकटीचा दीड तासाचा कथकचा कार्यक्रम. त्याला तेव्हा अकरा दिवस उरले होते. "मॅडम, हा कार्यक्रम आता वैशालीताईंना अर्पण करू," ते म्हणाले. "रंगमंचाच्या कोपऱ्यात त्यांचा फोटो, समई, प्रशांतजींच्या हस्ते दीपप्रज्वलन. त्यांची हीच इच्छा असणार." मागे उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनींच्या आया माना डोलवत होत्या. "तिच्यासाठी नाचा, नीलिमाताई," एक म्हणाली आणि रडायलाच लागली. माझ्या डाव्या पायाची टाच अजून धड झालेली नाही, हे त्या हॉलमध्ये दोघींनाच माहीत होतं. एक मी. दुसरीच्या फोटोला हार घातलेला होता.

तुझी इच्छा! तुझी इच्छा काय असते ते यांनी मला विचारावं.

मी पहिल्यांदा तुझ्या फिजिओच्या दवाखान्यात आले तेव्हा टाचेला हळद-तुरटीचा लेप आणि त्यावर क्रेप बँडेज होतं. पस्तिशीत होते, मुलुंडात माझे क्लास जोरात चालले होते आणि कार्यक्रम आठ दिवसांवर होता. मी ऐटीत सांगितलं, "डॉक्टर, एवढं आठ दिवसांत बरं करा." आमच्या गुरुजींकडे आम्ही शिकलोच तसं होतो. पाय दुखला म्हणजे रियाज अंगाला लागला. रक्त आलं तर गुरुजी खूश. फरशीवर, तीन-तीन तास, अनवाणी. कुणी पाय चोळत बसलेली दिसली तर बाकीच्या हसायच्या. दुखतंय असं म्हणणं म्हणजे नाव कापून घेणं.

तू लेपाकडे पाहिलंसही नाहीस. म्हणालीस, "आधी नाचून दाखवा." दोन खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, मानेला वजन लावून पडलेल्या एका आजोबांच्या समोर, मी तत्कार सुरू केला. नुसत्या पायांचं काम, घुंगरू नाहीत. आणि तू पांढरा कोट घालून चक्क फरशीवर पालथी झोपलीस. गाल जमिनीला लावून माझ्या टाचा बघत राहिलीस. तीस वर्षांच्या नाचात माझ्या पायांना नमस्कार करणारे खूप भेटले, पण ते असे कुणी बघितले नव्हते. मग कोट झटकत उठलीस आणि म्हणालीस, "टाचेचा काही दोष नाही हो. तुमचा खुबा आळशी आहे. तो काम करत नाही, म्हणून टाच बिचारी दोघांचं काम करतेय." मला आळशी म्हणणारी तू पहिली. मी इतकी भडकले की दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

कार्यक्रम तू रद्द करायला सांगितलास. मी तरीही नाचले. पाय सुजला. तू "सांगितलं होतं" असं म्हटलं नाहीस, फक्त माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्यास. त्यापेक्षा बोलली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतरचा तो सोळाचा घोळ तुला आठवतो ना? पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. साधा व्यायाम. तीन आठवडे झाले तरी टाच सुधारेना, उलट जास्तच दुखायला लागली. तू पुस्तकं काढलीस, कुणाला तरी फोन केलेस, माझे बूट कापून बघितलेस. शेवटी माझ्या घरी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "कर, मी बघते." मी केलं. तू उठून उभी राहिलीस. चिडलीस की तुझी गावची भाषा वर यायची. "गो, सोळा कित्या केलंस?"

दहाऐवजी सोळा होतायत हे मला तर कळलंच नव्हतं. बोटं मोजायची सवय नाही आम्हाला, अंगात तीनताल वाजत असतो. सोळा मात्रा झाल्याशिवाय सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत येत नाही, आणि समेवर आल्याशिवाय थांबायचं कसं? दहावर थांबणं म्हणजे अर्ध्या जिन्यात लाईट जाणं. दिवसाला तिसाऐवजी अठ्ठेचाळीस, तीन आठवडे, टाचेमागच्या त्या फाटत आलेल्या नसेवर. तू कपाळाला हात लावून सोफ्यावर बसलीस आणि मग दोघी इतक्या हसलो की आईनं आतून विचारलं काय झालं.

दुसरी कुणी असती तर तिने मला नीट मोजायला सांगितलं असतं. तू माझ्या तबलजीला फोन लावलास आणि विचारलंस, दहा मात्रांचा ताल असतो का? चार दिवसांनी आलीस ती मांडीवर थाप देत. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. सुरात तू कधीच नव्हतीस आणि लयीतही धड नव्हतीस, पण झपताल पाठ करून आलीस. दहा मात्रांनी सम आली, मी दहावर थांबले आणि दीड महिन्यात टाच बरी झाली. तुझ्या हाताखालून पुढे माझ्या कितीतरी विद्यार्थिनी गेल्या. प्रत्येकीला व्यायाम देताना तू आधी विचारायचीस, "तुमच्यात हे किती मात्रांचं बसेल?"

आमच्या नाचाच्या क्षेत्रातल्या बायका तुझ्यावर हसायच्या, तेही तुला माहीत होतं. घाटकोपरला एका कार्यक्रमानंतर एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या, "फिजिओ? अगं, ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना असतं." तू मागेच उभी होतीस. पुढे होऊन म्हणालीस, "क्रिकेट खेळणारा एक मुलगा लंगडला की चार माणसं बर्फ घेऊन पळतात, मॅडम. तुमच्या पायांना फक्त हार घालतात." महिन्याभराने त्याच बाई, तोंड झाकून, दुपारी कुणी नसताना तुझ्या दवाखान्यात आल्या. तू त्यांना नावाने हाक मारली नाहीस, चहा दिलास आणि कंबर बघितलीस.

आणि नाट्यगृहात तू रंगमंच ठोकून बघायचीस ते? गुडघ्यांवर रांगत, बोटांच्या पेरांनी ठक ठक करत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सामंतांना वाटलं वाळवी शोधतेय. "खाली पोकळी आहे की नुसतं सिमेंट ते बघते," तू म्हणालीस. "सिमेंट असेल तर ही दीड तास नाचणार नाही, पाऊण तास नाचेल." सामंत माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं. कुठल्याही कार्यक्रमाआधी बारा आठवडे तू अशी माझ्या मागे लागायचीस. आधी खुबा, मग पोटरी, मग एका पायावर तोल, मग उड्या, मग घुंगरू बांधून पंधरा मिनिटं, मग वीस, चकरा सगळ्यात शेवटी. दर आठवड्याचा कागद वेगळा, आणि पुढचा आठवडा तू आधी कधीच लिहून द्यायची नाहीस. "पुढचं तुझा पाय सांगेल, मी कोण सांगणार," म्हणायचीस. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी परीक्षा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि टाच पूर्ण उचलायची, पंचवीस वेळा. गुडघा वाकला तर ती वेळ धरायची नाही. अर्धी उचलली तर धरायची नाही. पंचवीस झाले तर रंगमंच. चोवीस झाले तर घरी.

दोन वर्षांपूर्वी माझे अठरा झाले होते. तू नाही म्हणालीस. मी तुला सांगितलं, बरं, पुढे ढकलते. आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एका डॉक्टरकडे जाऊन टाचेत इंजेक्शन घेतलं. कुणी बघितलं नाही. दुखणं साफ गेलं, पाय लाकडासारखा झाला आणि मी एक्कावन्न चकरा घेतल्या. टाळ्या थांबेनात. तुला कुणीतरी सांगितलं असणार, तू तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसली होतीस. नंतर प्रशांतने सांगितलं, माझ्या दहाव्या मिनिटालाच तू त्याच्या कानात म्हणालीस, "हिचा पाय जमिनीला घाबरत नाहीये. हिने काहीतरी घेतलंय." मध्यंतरात तू उठून गेलीस. चार महिने माझा फोन घेतला नाहीस. ती नस पुढे खरोखर फाटली आणि मी सहा महिने काठी घेऊन क्लास घेतले, तेव्हा एक दिवस तू वर्गाच्या दारात उभी राहिलीस. हातात तोल शिकवायची लाकडी फळी होती. म्हणालीस, "चल, डावा पाय ठेव हिच्यावर." मी ठेवला.

त्या इंजेक्शनबद्दल आपण कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही. मागायची होती. दर वेळी वाटायचं, तू काहीतरी टोचून बोल म्हणजे मी सुरुवात करेन. तू बोलली नाहीस आणि मी पण नाही. आता इथे लिहिते. वैशाली, मी तुला फसवलं. तुझी इतक्या वर्षांची मेहनत मी एका दुपारी सुईने बाद केली. मला माफ कर.

झालं माझं. आता तुझं काढते, कारण तू गेलीस म्हणून मी गप्प बसेन असं समजू नकोस.

यंदा सातव्या-आठव्या आठवड्यात तू माझी मोजणी करताना स्टुलावर बसायला लागलीस. तू कधी बसायची नाहीस. डावा खांदा चोळायचीस. मी विचारलं, "काय गं?" तू म्हणालीस, "झोपताना अवघडला." जबडा दुखतोय म्हणालीस, अक्कलदाढ. कपाटात ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ते अर्धं संपलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, "वैशू, दाखवून घे ना कुणाला." आणि तू, जगाला दुखणं लपवू नका म्हणून ओरडणारी तू, मला म्हणालीस, "गप रव गो. माका काय्येक झाला नाय. टाच उचल." मी उचलली. वर म्हटलं, "म्हातारी झालीस." तू हसलीस. नवव्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर तू त्याच स्टुलावरून खाली पडलीस. प्रशांत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

खोटारडी कोण मग? मी एक सुई घेतली, तू पाकीटभर गोळ्या खाल्ल्यास. माझी नस फाटली, शिवली, सहा महिन्यांनी मी उभी राहिले. तुझं काय? तू असं कसं केलंस? मला हे भांडण तुझ्याशी समोरासमोर करायचं होतं. तुला अर्धा तास ओरडून घ्यायचं होतं, मग जबरदस्तीने रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यायचं होतं. मी ते केलं नाही. तुझ्या एका "गप रव"वर मी गप राहिले. ते मला सहन होत नाही, आणि होऊही नये.

तुझा नवव्या आठवड्याचा कागद माझ्याकडे आहे. दहाव्याचा नाही. दहावा आणि अकरावा माझी मीच लिहिला, जमेल तसा. लोकांनी दुसऱ्या फिजिओंचे नंबर पाठवले, चांगले असतील ते, मी जाईनही. पण तोपर्यंत पायाला विचारायचं मला तू शिकवलं आहेस. गुरुवारी कार्यक्रमाला बरोबर दहा दिवस उरले होते. सकाळी क्लासचा हॉल उघडला, भिंतीला बोटं टेकवली. उजवा पाय, पंचवीस, सहज. डावा पाय. पंधरा. अठरा. वीस. एकविसावा थरथरत, पण पूर्ण. बाविसाव्याला टाच अर्ध्यावर आली आणि गुडघा वाकला.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी मनात म्हटलं, बावीस धरू. मग म्हटलं, दहा दिवसांत तीन वाढतील. मग म्हटलं, तिच्यासाठीच तर नाचायचंय, सगळेच म्हणतायत. पुन्हा एक सुई, कुणाला कळतंय, ओळखणारी आता तिसऱ्या रांगेत बसणार नाही. हे सगळं मी पाचेक मिनिटांत मनात आणलं, तुला खोटं कशाला सांगू. आणि मग मला इतका संताप आला. तुझा हार घातलेला फोटो कोपऱ्यात ठेवून, समई लावून, ज्या पायाला तू नापास केलं असतंस त्याच पायावर मी नाचणार आणि लोक म्हणणार, काय श्रद्धांजली वाहिली! नाही नाचणार. जा. तुझ्यासाठी तर अजिबातच नाही.

सामंतांना फोन केला. "तारीख दीड महिना पुढे घ्या."

ते म्हणाले, "समजतंय मॅडम. मनस्थिती नसेल. बोर्डावर लिहू आपण, डॉक्टर वैशाली यांच्या दुःखद निधनामुळे कार्यक्रम पुढे ढकलला आहे. लोक समजून घेतील."

किती सोपं होतं. कुणी एक शब्द विचारला नसता. तुझ्या मरणाच्या आड माझी टाच लपली असती आणि लोकांनी वर माझं कौतुक केलं असतं.

"तसं नका लिहू," मी म्हटलं. "लिहा, नर्तिकेचा डावा पाय अजून तयार नाही, म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला आहे."

"अहो, असं कोण लिहितं?"

"मी सांगतेय तर लिहा."

"मॅडम, तुमचं वय बघता लोक काय म्हणतील... परत तारीख मिळायची, स्पॉन्सर यायचे..."

"सामंत," मी म्हटलं, "माझा पाय दुखतोय." हे तीन शब्द शाळकरी वयापासून मी रंगमंचाच्या कुठल्याही माणसापुढे उच्चारले नव्हते. ते नुसतं "बरं" म्हणाले.

आज संध्याकाळी मुलुंडला जाऊन आले. नाट्यगृहाच्या दाराशी बोर्ड लागलाय, खडूने, मी सांगितला तसाच, शब्दाला शब्द. दोन मुली वाचत होत्या, वीस-बावीस वर्षांच्या, खांद्याला घुंगरांच्या पिशव्या. एक हसली. दुसरी हसली नाही. तिने पुन्हा एकदा वाचलं, मग वाकून हळूच स्वतःचा घोटा दाबून बघितला आणि मैत्रिणीला म्हणाली, "यार, माझा पण दुखतोय ना. कधीपासून सांगायचं होतं."